टावर हाय, मंग रेंज काहून नाई? : स्पेक्ट्रम आणि त्यावरचं संशोधन, सोप्या भाषेत

दिवाळीत बहिणीकडे होतो, घाटंजी तालुक्यात. कपाशीची पहिली वेचणी सुरू होती. भाऊजी वावरात उभे राहून ई-पीक पाहणीचा फोटो पाठवायचा प्रयत्न करत होते. फोनवर दोन दांड्या दिसत होत्या, पण फोटो काही जात नव्हता. शेवटी ते धुऱ्यावर चढले आणि फोन डोक्याच्या वर धरून पाच मिनिटं तसेच उभे राहिले. तिथून टेकडीपलीकडच्या टॉवरचा शेंडा दिसतो. अकरावीत शिकणारी भाची माझ्या बाजूला होती. ती म्हणाली, "मामा, टावर हाय, दांड्याबी हायेत, मंग रेंज काहून नाई? तुमी तं यातच शिकले ना?"

हो, यातच शिकलो. रेडिओ स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेडिओलहरींच्या सगळ्या पट्ट्यांचा, कमीत कमी नासाडी करून वापर कसा करता येईल, यावर मी संशोधन करतो. घरच्यांना एवढंच ठाऊक आहे की मी मोबाइलचं काहीतरी करतो. पण भाचीने विचारलेला प्रश्न माझ्या विषयाच्या अगदी मुळाशी जाणारा होता. दोन दिवस आम्ही वेचणीच्या मधल्या वेळात आणि रात्री ओट्यावर बसून त्यावरच बोललो. ते इथे लिहितो आहे, कारण तोच प्रश्न आपल्याकडच्या बहुतेक गावांत रोज विचारला जातो.

आधी तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. फोनवर दिसणाऱ्या दांड्या फक्त अर्धी गोष्ट सांगतात. टॉवरचा आवाज आपल्या फोनला किती स्पष्ट ऐकू येतो, एवढंच त्या दाखवतात. आपल्या फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचतो की नाही, ते त्या सांगत नाहीत. टॉवर वीस-चाळीस वॅटने बोलतो. फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने बोलू शकतो. रात्री आपण लावतो तो झिरोचा एलईडी दिवासुद्धा साधारण अर्धा वॅट घेतो, म्हणजे फोनची ताकद त्याच्या निम्म्याहून कमी. आणि त्याच ताकदीवर त्याला टेकडी, सागाची झाडं आणि पाच-साडेपाच किलोमीटरचं अंतर पार करायचं असतं. भोंग्यावरून गावाला हाक मारणाऱ्याचं बोलणं आपल्याला ऐकू येतं, पण आपण अंगणातून दिलेलं उत्तर त्याला ऐकू जात नाही, तसं हे आहे. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला फोटो उघडतो आणि आपण काढलेला फोटो जात नाही.

टॉवरची ताकद वाढवली तर? त्याने भोंगा मोठा होईल, आपलं अंगणातलं उत्तर तेवढंच राहील. फोनची ताकदही वाटेल तेवढी वाढवता येत नाही, कारण बॅटरी संपते आणि फोन डोक्याशी धरायचा असल्याने सुरक्षिततेची मर्यादाही आहे. मग उरतं काय? ज्या लहरींवर बोलायचं त्या नीट निवडायच्या, आणि बोलण्याची पद्धत बदलायची. इथून स्पेक्ट्रमचा विषय सुरू होतो.

भाचीच्या आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर अजून घरात आहे. त्याच्यावर आकाशवाणीचं नागपूर केंद्र लागायचं आणि निवेदक सांगायचे, ५१२.८ मीटर म्हणजेच ५८५ किलोहर्ट्झ. आपण सगळ्यांनी ते हजारदा ऐकलं, पण त्या दोन आकड्यांचा अर्थ कुणी सांगितला नाही. रेडिओची लहर म्हणजे वीज आणि चुंबकत्व यांचं पुढे सरकत जाणारं डोलणं. ती सेकंदाला किती वेळा डोलते, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. ५८५ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५ लाख ८५ हजार वेळा. आणि एका डोलण्यात लहर जेवढं अंतर कापते ती तिची लांबी, नागपूर केंद्राच्या बाबतीत ५१२.८ मीटर. डोलण्याचा वेग वाढला की लांबी कमी होते.

अर्धा किलोमीटर लांबीच्या लहरीला टेकडी म्हणजे तासातलं ढेकूळ. ती तिला वळसा घालून पुढे जाते. म्हणून नागपूरचा कार्यक्रम पार यवतमाळच्या खोऱ्यात ऐकू यायचा. मोबाइलच्या लहरी फार छोट्या असतात. ७०० मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ७० कोटी वेळा डोलणारी, लहर सुमारे ४३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मापात जवळजवळ एक हात. ५जीसाठी सध्या जास्त वापरला जाणारा पट्टा ३,३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा आहे. तिथे लहर नऊ सेंटिमीटरच्या आसपास येते, चार बोटांपेक्षा थोडी जास्त. आणि २६ गिगाहर्ट्झच्या (२६,००० मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यात ती सव्वा सेंटिमीटरही भरत नाही, टपोऱ्या काबुली हरभऱ्याएवढी. हातभर लहर झाडोऱ्यातून, मातीच्या भिंतीतून बऱ्यापैकी वाट काढते. हरभऱ्याएवढी लहर पानांनीही अडते.

मग सगळे हातभर लहरीच का वापरत नाहीत? कारण तिथे जागा कमी आहे. ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास एका कंपनीला जाण्याला १० आणि येण्याला १० मेगाहर्ट्झ मिळाले तरी खूप. वरच्या पट्ट्यात शंभर मेगाहर्ट्झचा सलग तुकडा मिळतो. खालचा पट्टा म्हणजे गावालगतची काळी कसदार जमीन, पण गुंठ्यांत. वरचा पट्टा म्हणजे दूरचं बरड, पण एकरांनी. ज्याला लांबपर्यंत पोचायचं आहे त्याला काळी जमीन हवी, ज्याला जवळच्या जवळ खूप माल पोचवायचा आहे त्याला बरड चालतं.

या जमिनीचं एक वैशिष्ट्य आहे, ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. ती झिजत नाही, तिचा कस जात नाही. कुणी वापरली नाही म्हणून उद्यासाठी शिल्लकही राहत नाही. आत्ताचा रिकामा क्षण आत्ताच गेला. धरणातलं पाणी साठवता येतं, स्पेक्ट्रम साठवता येत नाही. आणि दोघांनी एकाच जागी, एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे डोलण्याच्या एकाच वेगावर, बोलायला सुरुवात केली की दोघांचंही ऐकू येत नाही. म्हणून सरकार त्याच्या पट्ट्या पाडून देतं. २०२२च्या जुलै-ऑगस्टमध्ये झालेल्या लिलावात ७२,०९८ मेगाहर्ट्झ विक्रीला होते आणि त्यातले ५१,२३६ मेगाहर्ट्झ १,५०,१७३ कोटी रुपयांना गेले, २० वर्षांसाठी. हे आकडे बघून पुष्कळांना वाटतं की आकाशात एवढा स्पेक्ट्रम कुठून आला. तर दूरसंचारासाठी देशाची २२ परिमंडळं, म्हणजे विभाग, पाडलेली आहेत आणि प्रत्येक परिमंडळातले मेगाहर्ट्झ वेगवेगळे मोजून ही बेरीज केलेली असते.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते इथे आहे. आपलं परिमंडळ म्हणजे मुंबई वगळून सगळा महाराष्ट्र, आणि सोबत गोवा. पुण्याच्या हिंजवडीसाठी जो पट्टा विकत घेतला, तोच त्याच सौद्यात भामरागडसाठी आणि धारणीसाठीही घेतलेला असतो. हिंजवडीत त्याचा इंच-इंच वापरला जातो, तिथे स्पेक्ट्रम खरोखरच पुरत नाही. भामरागडच्या कित्येक पाड्यांवर तोच पट्टा दिवसरात्र रिकामा असतो, कारण तिथे टॉवर उभा करणं परवडत नाही. दुसऱ्या कुणाला तो वापरता येत नाही, कारण सातबारा मोठ्या कंपनीच्या नावावर. पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की स्पेक्ट्रम दुर्मीळ आहे. शहरासाठी ते खरं आहे. आपल्याकडे स्पेक्ट्रम दुर्मीळ नाही, पडीक आहे. दुर्मीळ जमिनीचा प्रश्न आणि पडीक जमिनीचा प्रश्न वेगळे असतात, त्यांची उत्तरंही वेगळी असतात, आणि दुसऱ्या प्रश्नावर काम करणारी माणसं अजून फार थोडी आहेत.

पहिल्या प्रश्नावर मात्र गेल्या पाऊणशे वर्षांत माणसाने अचाट काम केलं आहे. त्याची सुरुवात १९४८मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाच्या एका लेखाने झाली. ठरावीक रुंदीच्या पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक पाठवता येईल, याची कमाल मर्यादा त्याने गणिताने काढून दिली. ती दोनच गोष्टींवर ठरते : पट्टीची रुंदी, आणि आपला आवाज गोंगाटाच्या किती पट आहे. आपला आवाज गोंगाटाएवढाच असेल तर दर हर्ट्झमागे सेकंदाला एक बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात छोटा दाणा, जाते. हजार पट असेल तर सुमारे दहा बिट. आता ताकद आणखी दुप्पट करा, दोन हजार पट. बिट किती होतील? वीस नाही, फक्त अकरा. पट्टी दुप्पट रुंद केली आणि गोंगाट तेवढाच दाबून ठेवला, तर माल सरळ दुप्पट. शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. युरियाची दुसरी बॅग टाकल्याने पीक दुप्पट होत नाही, दुसरं एकर पेरल्याने होतं.

म्हणून या क्षेत्रात सगळं मोजमाप एकाच मापात चालतं, बिट प्रति सेकंद प्रति हर्ट्झ. आपण एकरी किती क्विंटल झाला विचारतो, तसं. २जीच्या काळात २०० किलोहर्ट्झच्या पट्टीतून सेकंदाला सुमारे २७० किलोबिट जायचे, म्हणजे दर हर्ट्झमागे सव्वा ते दीड बिट. शिवाय शेजारच्या टॉवरला तीच पट्टी वापरता येत नसे, मधे पड ठेवावी लागे. ४जीमध्ये २० मेगाहर्ट्झच्या पट्टीतून, दोन अँटेना वापरून, सेकंदाला १५० मेगाबिटपर्यंत मजल गेली, म्हणजे साडेसात बिट, आणि शेजारचा टॉवरही तीच पट्टी पेरू शकतो. हे अर्थात टॉवरजवळ उभ्या असलेल्या एकट्या माणसाचं उत्पन्न. प्रत्यक्षात ते गावभर वाटलं जातं.

हे उत्पन्न वाढलं कसं, याच्या अनेक कथा आहेत. मी एकच सांगतो, कारण ती मला सगळ्यात जवळची आहे. आरोग्यस्वामी पॉलराज हा तमिळनाडूचा मुलगा पंधराव्या वर्षी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला. पुढे नौदलात अभियंता झाला. १९७१च्या युद्धात आयएनएस खुकरी पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली, त्यानंतर पाणबुडीचा आवाज समुद्राच्या गोंगाटातून वेगळा कसा काढायचा, यावर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. नौदलातून निवृत्त झाल्यावर ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि १९९२मध्ये त्यांनी एका कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला. कल्पना अशी : पाठवायला अनेक अँटेना, घ्यायलाही अनेक अँटेना, आणि सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी वेगवेगळं बोलणार. ऐकणाऱ्याला दोन कान असले की उजवीकडून कोण बोललं, डावीकडून कोण, हे कळतं, तसंच. लहरी भिंतींवर, टेकड्यांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात, हा तोवर रेडिओवाल्यांना ताप वाटायचा. पॉलराज यांनी त्याच वाटांना वेगवेगळ्या पांदणी मानलं. एकाच वावरातून जाणाऱ्या चार पांदणी, प्रत्येकीवरून वेगळी गाडी. सुरुवातीला पुष्कळ जाणकारांचा यावर विश्वास बसला नाही. आज त्याला मायमो म्हणतात आणि ४जी, ५जी, नवा वायफाय, सगळे त्यावर चालतात. २०१४मध्ये त्यांना मार्कोनी पुरस्कार मिळाला.

भाचीने ही गोष्ट ऐकून विचारलं, "मंग ते आपल्या गावात काहून चालत नाई?" चालतं, पण कमी. वेगवेगळ्या वाटा तेव्हाच उपयोगी पडतात जेव्हा आवाज गोंगाटापेक्षा बराच मोठा असतो. टॉवरपासून साडेपाच किलोमीटरवर आवाजच जेमतेम उरतो. तिथे चार पांदणींवर चार गाड्या पाठवण्यापेक्षा एकाच गाडीला चार बैल जुंपणं शहाणपणाचं. तेच तंत्र, पण गावासाठी वेगळ्या रीतीने वापरावं लागतं.

ही वेगळी रीत जगाच्या नियमावलीत लिहून घेण्याचं काम भारताने केलं आहे, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. ५जीचं कुठलंही तंत्र मान्य व्हायचं तर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या परीक्षांत पास व्हावं लागतं. त्यात ग्रामीण भागाचीही परीक्षा होती. पण त्या परीक्षेतलं गाव कसं होतं? दोन टॉवरमध्ये १,७३२ मीटर अंतर आणि निम्मी माणसं मोटारीने भरधाव जाणारी. हे गाव आपलं नव्हतं. आपल्याकडे टॉवर दूर असतात आणि माणूस पायी, सायकलवर नाहीतर फटफटीवर असतो. भारताच्या दूरसंचार मानक संस्थेने आग्रह धरून ग्रामीण भागाची आणखी एक परीक्षा घालायला लावली : ७०० मेगाहर्ट्झ, टॉवरमधलं अंतर ६ किलोमीटर, माणसं सावकाश हलणारी. या परीक्षेत चांगले गुण मिळावेत म्हणून आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रास आणि चेन्नईच्या वायरलेस तंत्रज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी फोनच्या बोलण्याची पद्धतच बदलली.

ती पद्धत थोडक्यात अशी. फोन ज्या प्रकारच्या लहरी पाठवतो त्या कधी खूप उंच, कधी ठेंगण्या असतात. फोनमधला ॲम्प्लिफायर, म्हणजे लहरीची ताकद वाढवणारा भाग, उंच शेंड्यांसाठी जागा राखून ठेवतो आणि त्यामुळे एरवी पूर्ण ताकद लावतच नाही. सगळे शेंडे जवळजवळ सारख्या उंचीचे केले, तर राखीव जागा सोडावी लागत नाही आणि त्याच ०.२ वॅटमधून आवाज लांब पोचतो. बॅटरी तीच, ॲम्प्लिफायर तोच. बदललं ते गणित. भाऊजींनी धुऱ्यावर चढून जे केलं, ते काम असं गणिताने करता येतं. भारताने मांडलेलं हे तंत्र पुढे ५जीच्या जागतिक मानकात सामावून घेतलं गेलं.

आता पडीक जमिनीकडे परत येतो. आठवडी बाजाराची जागा आठवा. बुधवारी पाय ठेवायला जागा नसते, बाकीचे सहा दिवस तिथे पोरं क्रिकेट खेळतात. बाजारवाल्यांचं काही बिघडत नाही, कारण बुधवारी पोरं आपोआप बाजूला होतात. स्पेक्ट्रमच्या बाबतीत असं करता येईल का? १९९९मध्ये जोसेफ मिटोला या अभियंत्याने अशा रेडिओची कल्पना मांडली, जो आधी आजूबाजूला ऐकेल, कोणती पट्टी रिकामी आहे ते शोधेल, तिथे बोलेल, आणि मालक आला की लगेच उठेल. त्याला कॉग्निटिव्ह रेडिओ म्हणतात. आपण सजग रेडिओ म्हणू.

आपल्या देशात याला फार मोठा वाव आहे. दूरदर्शनसाठी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवलेला होता, हातभराहून लांब लहरींचा, म्हणजे उत्तम काळी जमीन. पण आपल्याकडे घराघरात केबल आणि छत्री आली, जमिनीवरचे प्रक्षेपक थोडेच राहिले. आयआयटी मुंबईत प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या प्रक्षेपकांची माहिती घेऊन हिशेब मांडला, तेव्हा या पट्ट्यात सरासरी १०० मेगाहर्ट्झहून जास्त जागा रिकामी निघाली. मग त्यांनी प्रायोगिक परवाना घेऊन पालघर जिल्ह्यातल्या गावांत या रिकाम्या पट्ट्यातून इंटरनेट पोचवून दाखवलं. पालघरच्या डोंगरात जे झालं ते मेळघाटात का होऊ नये, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

यात एक खरी अडचण आहे आणि ती टेकडीचीच आहे. सजग रेडिओ टेकडीआड बसला असेल, तर त्याला प्रक्षेपकाचा आवाज येणार नाही. त्याला वाटेल पट्टी रिकामी आहे. तो बोलायला लागेल आणि टेकडीच्या माथ्यावरच्या घरातला टीव्ही बिघडेल. म्हणून नुसतं कान देऊन भागत नाही. कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी, कोणती पट्टी मोकळी आहे, याची नोंदवही ठेवावी लागते आणि रेडिओने बोलण्याआधी ती विचारावी लागते. अमेरिकेत ३,५५० ते ३,७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असंच चालतं. तिथे पहिला हक्क नौदलाच्या रडारचा, मग पैसे भरलेल्यांचा, मग बाकी सगळ्यांचा, आणि संगणकावरची नोंदवही प्रत्येकाला पाळी लावून देते. आपल्याकडच्या २०२३च्या दूरसंचार कायद्यातही दोन महत्त्वाच्या तरतुदी आहेत : एकाला दिलेला स्पेक्ट्रम त्याला त्रास न होता दुसऱ्याला दुय्यम हक्काने देता येईल, आणि कारणाशिवाय वापरला नाही तर सरकार तो परत घेऊ शकेल. तरतूद कागदावर आली. पण पट्टा खरोखर पडीक आहे का, कुठे, किती वेळ, आणि दुसऱ्याला दिला तर पहिल्याला किती त्रास होईल, हे मोजून सांगणारी माणसं लागतील. तोच माझा पेशा.

तर या पेशाबद्दल. रोज करतो काय? सकाळी बहुधा गणित. संभाव्यता आणि रेषीय बीजगणित, ही दोन शस्त्रं. दुपारी संगणकावर खोटं गाव उभारायचं, त्यात टॉवर आणि माणसं ठेवायची आणि नवी पद्धत हजार वेळा चालवून बघायची. वर्षातून काही आठवडे खरी उपकरणं घेऊन खऱ्या गावात मोजमाप. उरलेला वेळ लिहिण्यात, आणि लिहिलेलं नाकारलं गेलं की पुन्हा लिहिण्यात. माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी संगणकातल्या गावात सुंदर निकाल आले होते आणि वावरात नेल्यावर ते एक दशांशही उरले नाहीत. कारण शोधायला आठ महिने गेले. आमच्या संगणकातल्या गावात झाडंच नव्हती. ते आठ महिने त्या वेळी जड गेले, पण मला जे थोडंफार समजतं त्यातलं बरंच त्या आठ महिन्यांत समजलं.

वाट कशी आहे? बारावीला गणित, भौतिकशास्त्र. मग इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचारची पदवी. ती नागपूरच्या व्हीएनआयटीत होते, अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयात होते, शेगावला होते. त्यासाठी विदर्भ सोडावाच लागतो असं नाही. नंतर गेट परीक्षा देऊन एमटेक, तिथे महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. पुढे पीएचडी. २०२३पासून कनिष्ठ संशोधक विद्यार्थ्याला महिना ३७,००० आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये मिळतात. पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्ती ७०,०००पासून सुरू झाली होती. पीएचडीला पाच वर्षं धरा. त्या पाच वर्षांत सोबतचे मित्र पुण्यात फ्लॅट घेतात आणि घरी लोक विचारतात, पोरगं अजून शिकूनच रायलं का. ज्या घरात एका हंगामाच्या कापसावर सगळं ठरतं, तिथे हा प्रश्न साधा नसतो. मुलांनी हे आधीच घरी बसून मोकळेपणाने बोलावं, असं मी प्रत्येकाला सांगतो. शिष्यवृत्तीतून घरी थोडे पैसे पाठवता येतात, हेही सांगतो.

पुढे कामं बऱ्याच प्रकारची आहेत. सरकारच्या सी-डॉट आणि समीर या संशोधन संस्था, आयआयटी, बंगळुरू-हैदराबादच्या चिप कंपन्या. आणि एक वाट जी आपल्या मुलांना कुणी दाखवत नाही : यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून दूरसंचार विभागाच्या रेडिओ नियमन सेवेत जाता येतं. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर कोण बोलतंय, कुणी नियम मोडतंय का, हे ऐकत राहणारी केंद्रं देशभर आहेत. उपग्रहांच्या लहरींवर लक्ष ठेवणारं असं केंद्र बुलढाण्याच्या शेजारी, जालन्याला आहे.

शाळेतल्या मुलांना इतकी वाट बघायची गरज नाही. हॅम रेडिओची, म्हणजे हौस म्हणून चालवायच्या रेडिओची, सरकारी परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते. परवाना मिळाला की स्वतः बांधलेल्या रेडिओवरून देशोदेशी बोलता येतं. परवान्याशिवाय मात्र काहीही प्रक्षेपित करू नये, तो गुन्हा आहे. ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास एक छोटा पट्टा सगळ्यांना मोकळा आहे, ठरलेल्या कमी ताकदीत. लोरा नावाचे स्वस्त रेडिओ त्यात चालतात, ते अतिशय सावकाश बोलतात आणि म्हणून लांब ऐकू जातात. मातीतला ओलावा दिवसातून चारदा कळवायला तेवढं पुरेसं आहे. वरुडकडच्या संत्र्याच्या बागेत कुठल्या कोपऱ्याला पाणी हवं, हे घरी बसून कळण्यासाठी ना ५जी लागत, ना लिलाव.

निघायच्या आदल्या दिवशी मी भाचीला फोनच्या सेटिंगमध्ये लपलेला खरा आकडा दाखवला. दांड्या ढोबळ असतात, हा आकडा नेमका असतो. तो उणे असतो, डीबीएम या, टॉवरकडून आलेल्या लहरीची ताकद सांगणाऱ्या मापात. उणे ८५ म्हणजे छान, उणे ११० म्हणजे जेमतेम. दर दहाने खाली गेला की ताकद दहावा हिस्सा होते. तिने वही घेतली आणि आम्ही गावभर अकरा जागी फिरलो. पाण्याच्या टाकीजवळ उणे ९८. शाळेच्या ओट्यावर उणे १०७. राशन दुकानासमोर उणे ११४, आणि तिथेच अंगठ्याचं मशीन ठेवलेलं असतं. भाऊजींच्या वावरात उणे १११, धुऱ्यावर चढल्यावर उणे १०३. तिने स्वतःहून तारीख, वेळ आणि फोनची कंपनी लिहिली. ते मी सांगितलं नव्हतं.

टेकडीकडे बघून तिने विचारलं, "मामा, सागाचे पानं गयले तं हा आकडा बदलन का?" सागाचं पान केवढं असतं, आपल्याला ठाऊक आहे. त्यावर पत्रावळी होतात. हातभर लहरीला ते थोडं अडवेल, चार बोटांच्या लहरीला जास्त. किती, ते या टेकडीवर कुणी मोजलेलं नाही. उन्हाळा लागेपर्यंत पानगळ होईल. त्याच अकरा जागा, तोच फोन, तीच वेळ, असं ठरलं आहे. वहीत तिने उजवीकडची उभी ओळ कोरी सोडली आहे आणि वर लिहून ठेवलं आहे : पानगळीनंतर.